जंक्शन, फाटा आणि नाका

पेण तालुक्यातील वडखळ येथे मुंबई–गोवा महामार्ग, म्हणजे पूर्वीचा क्रमांक १७ आणि आजचा ६६, नागोठणे व कोलाडकडे दक्षिणेस जातो, तर धरमतर खाडी ओलांडून पोयनाडमार्गे अलिबागला पोहोचणारा रस्ता पश्चिमेस निघतो. रस्तेबांधणीच्या परिभाषेत अशा स्थळास ‘जंक्शन’ म्हणतात. रायगडच्या बोलण्यात मात्र ते ‘वडखळ नाका’ म्हणूनच रूढ आहे. एकाच जागेच्या या दोन नावांमागे रस्त्याकडे पाहण्याच्या दोन वेगळ्या दृष्टी आहेत.

‘जंक्शन’ हा शब्द लॅटिनमधील ‘युंगेरे’, म्हणजे जोडणे, या क्रियापदापासून आला. त्याचे ‘युंक्तुस’ हे धातुसाधित रूप आणि संस्कृतातील ‘युक्त’ यांचे साम्य योगायोगाचे नाही, कारण लॅटिन क्रियापद व संस्कृत ‘युज्’ धातू हे दोन्ही एकाच प्राचीन इंडो-युरोपीय मुळातून निघाले आहेत. बैलांच्या मानेवरचे ‘जू’ हेदेखील संस्कृत ‘युग’ या शब्दाचे प्राकृतातून आलेले रूप असल्यामुळे याच कुळात बसते. शब्दारंभीच्या ‘य’चा प्राकृतात ‘ज’ झाला, आणि लॅटिनपासून फ्रेंच घडताना तिकडेही स्वतंत्रपणे तसाच बदल झाला. म्हणून जू आणि जंक्शन यांचे पहिले अक्षर दोन निरनिराळ्या वाटांनी सारखे झाले.

इंग्रजीत अठराव्या शतकाच्या प्रारंभी या शब्दाचा अर्थ केवळ ‘जोडणी’ असा होता. रुळांच्या मिलनस्थळाचा अर्थ त्याला एकोणिसाव्या शतकात आगगाडीने दिला. महाराष्ट्रात बोरीबंदर–ठाणे लोहमार्ग १८५३ साली सुरू झाला, १८५४ मध्ये तो कल्याणपर्यंत गेला आणि पुढे तेथून एक मार्ग थळ घाटाकडे, तर दुसरा बोरघाटाकडे वळला. मनमाड, दौंड व मिरज या नावांपुढेही हा शब्द लागला आणि मराठीत तो रेल्वेचाच शब्द म्हणून रुजला. ज्या स्थानकातून किमान तीन दिशांना लोहमार्ग जातात, ते जंक्शन, असा त्याचा साधारण अर्थ आहे. म्हणूनच रोह्याला मध्य रेल्वेची हद्द संपून कोकण रेल्वेची सुरू होत असली, तरी मार्ग सरळ पुढे जात असल्याने ती केवळ हद्द ठरते, जंक्शन नव्हे. उलट पेणहून थळ गावच्या खत कारखान्याकडे मालवाहतुकीचा फाटा निघतो, म्हणून तेथे या शब्दाचा हा अर्थ अधिक लागू पडतो.

पुढे हा शब्द रुळांबाहेरही पसरला. विजेच्या तारा ज्या पेटीत जोडल्या जातात ती ‘जंक्शन बॉक्स’, तर डायोडमध्ये दोन प्रकारचे अर्धवाहक जेथे भिडतात ते ‘पी-एन जंक्शन’ होय. दोन शब्दांना किंवा वाक्यांना जोडणाऱ्या उभयान्वयी अव्ययास इंग्रजी व्याकरणात ‘कन्जंक्शन’ म्हणतात, तेही याच मुळातून.

मराठीतील देशी शब्द मात्र याच घटनेची निराळी अंगे टिपतात. ‘फाटा’ म्हणताना मुख्य रस्त्यावरून जाणारा प्रवासी अभिप्रेत असतो, ज्याच्या दृष्टीने वाट फुटते. ‘तिठा’ वाटांची संख्या सांगतो. ‘नाका’ हा मुळात जकात वा पहाऱ्याचे ठाणे दर्शवणारा शब्द असून ‘नाकेबंदी’मध्ये तो अर्थ आजही शाबूत आहे, पुढे जेथे वाहने थांबतात, माणसे चढतात-उतरतात आणि त्यांच्या आधाराने दुकाने उभी राहतात, त्या वर्दळीच्या जागेस तो लागला. जोडणे, फुटणे आणि थांबणे या तीन क्रिया अशा तीन शब्दांत वाटल्या गेल्या आहेत.

वडखळला बाह्यवळण रस्ता झाल्यावर हा फरक अधिक स्पष्ट झाला. गोव्याकडे थेट जाणारी वाहने गावाबाहेरून जाऊ लागली, म्हणजे जंक्शनचे काम अंशतः दुसरीकडे सरकले. नाका मात्र बाजारपेठ आणि एसटीच्या थांब्यापाशीच राहिला. नकाशाला जंक्शन हा शब्द पुरतो, कारण त्याला केवळ रेषा जुळवायच्या असतात; तेथे उतरून अलिबागची गाडी धरणाऱ्यास नाकाच लागतो.