गंजिफा कशी खेळतात? सावंतवाडीच्या गोल पत्त्यांमागची लढाई

सावंतवाडीच्या राजवाड्यात गेलेले पर्यटक गोल, हाताने रंगवलेल्या पत्त्यांचे फोटो काढतात. काही जण संच विकतही घेतात. पण घरी आल्यावर तो शोकेसमध्ये जातो, कारण खेळायचं कसं हेच माहीत नसतं.

मूळ कुठलं?

१५२७ मध्ये बाबराने सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद बाबरनाम्यात आहे. अबुल फजलने 'ऐन-ए-अकबरी'त १२ रंगांच्या, १४४ पानांच्या संचाचं वर्णन केलंय. त्यात अश्वपती, गजपती, नरपती, गढपती असे रंग होते. घोडदळ, हत्ती, पायदळ, किल्ले, म्हणजे अख्खी फौजच हातात!

सावंतवाडीत प्रसिद्ध झाली ती दशावतारी गंजिफा. मत्स्यापासून कल्कीपर्यंत १० रंग, प्रत्येकी १२ पानं, एकूण १२०.

डाव कसा चालतो?

तीन खेळाडू, प्रत्येकाला ४० पानं. प्रत्येक रंगात राजा सर्वात मोठा, मग प्रधान. त्याखाली १ ते १० ची पानं. पण इथे एक गंमत आहे. पहिल्या पाच अवतारांत दश्शी मोठी आणि एक्का सर्वात लहान. परशुरामापासून पुढच्या पाच अवतारांत नेमकं उलटं, एक्का मोठा आणि दश्शी लहान.

दिवसा खेळत असाल तर रामाचा राजा ज्याच्याकडे, तो उतारी करतो. रात्री हा मान कृष्णाच्या राजाला. तुरुपाचा रंग नसतो, त्याच रंगाचं मोठं पानच हात जिंकतं. राजा पडून गेला की प्रधान अजिंक्य होतो. म्हणून कोणतं पान गेलं, हे ज्याच्या लक्षात राहतं तो भारी पडतो. शेवटी ज्याचे हात जास्त, तो विजयी.

मग खेळ मागे का पडला?

छापील पत्ते स्वस्त मिळू लागले आणि हाताने रंगवलेल्या संचांची मागणी आटली. पुंडलिक चितारी यांच्यासारखे मोजकेच जाणकार कलाकार उरले होते. शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी पुढाकार घेतला. सत्त्वशीलादेवी स्वतः चितारींकडून ही कला शिकल्या आणि राजवाड्यात पुन्हा गंजिफा रंगू लागली. आता तिला भौगोलिक मानांकनही मिळालंय.

कला वाचली, पण खेळ अजून वाचायचा आहे. त्यासाठी एक संच आणि दोन मित्र पुरेत.