यशयाच्या ग्रंथातील दोन शतके

इ.स.पू. आठव्या शतकाच्या उत्तरार्धात बायबलमधील संदेष्टा यशया यरुशलेमात बोलू लागला, तेव्हा त्याचे श्रोते आपल्या तख्तावर आपलाच राजा पाहणारे, मंदिरात यज्ञबलींची रेलचेल करणारे आणि तरीही विधवा-अनाथांची दाद न घेणारे होते. अश्शूरचा अंमल यहूदाच्या सीमेला भिडत असता अशा निश्चिंत समाजास खडसावणे हेच संदेष्ट्याचे कर्तव्य होते, आणि म्हणूनच ग्रंथाच्या पूर्वार्धात इशाऱ्याचा स्वर प्रबळ आहे.

इ.स.पू. 701 मध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीब याच्या स्वारीतून बचावलेले हे नगर पुढे इ.स.पू. सहाव्या शतकात बाबेलच्या सैन्याने उद्ध्वस्त केले. मंदिर भस्मसात झाले आणि घरंदाज कुटुंबे परमुलखात नेली गेली. चाळिसाव्या अध्यायापासून ऐकू येणारी वाणी या पराभूतांसाठी आहे. शिक्षा भोगून झालेल्यांना पुन्हा शिक्षेचे भय घालण्यात अर्थ नव्हता. त्यांना बाबेलच्या देवतांच्या वैभवाने दिपू न देणे अगत्याचे होते. एकाच लाकडाचा अर्धा भाग चुलीत घालून भाकरी भाजणारा आणि उरलेल्या अर्ध्याची मूर्ती करून तिच्यापुढे लोटांगण घालणारा मनुष्य तेथे येतो, तो याचसाठी. इ.स.पू. 539 मध्ये बाबेल जिंकणारा पारसिक राजा कोरेश तर नावानिशी येतो, आणि परधर्मी असूनही 'अभिषिक्त' म्हणवला जातो. अखेरच्या अकरा अध्यायांत परतलेल्यांचा समाज दिसतो: उपवासाचे खरे स्वरूप कोणते, परक्यांना मंदिरात स्थान आहे की नाही, हे त्यांचे प्रश्न.

या तीन थरांची मांडणी बर्नहार्ड डूम या जर्मन पंडिताने 1892 मध्ये केली. परंतु कुमरान येथे 1947 च्या सुमारास सापडलेल्या, सात मीटरांहून लांब अशा चर्मपटावर चाळिसावा अध्याय एका स्तंभाच्या अगदी तळच्या ओळीवर सुरू होतो. लेखनिकाच्या दृष्टीने ग्रंथ एकच होता. उत्तरकालीन कर्त्यांनी स्वतःची नावे मागे ठेवली नाहीत; गुरूच्या शब्दाला नव्या आपत्तीत नवा अर्थ देणे हेच त्यांनी शिष्यधर्म मानले असावे.

अशा चिकित्सेने पावित्र्य उणावते, हे मला मान्य नाही. इशारा सुखवस्तूंना होता आणि सांत्वन निर्वासितांना. हा भेद विसरून दुःखिताला इशारा आणि सत्ताधीशाला सांत्वन ऐकवणारा वाचक, वचन जसेच्या तसे उच्चारूनही, त्याचा विपर्यासच करतो.