‘फुकटचं सॉफ्टवेअर, ते काय अचूक असणार!’

घरी पिक अँड प्लेस मशीन, म्हणजे सर्किट बोर्डावर पार्ट उचलून ठेवणारं यंत्र, जुळवणाऱ्या हौशी माणसाला हे वाक्य हमखास ऐकावं लागतं. बोर्डावर दोन पार्ट तिरके बसले, की पहिला संशय मशीन चालवणाऱ्या ओपनपीएनपी या मुक्त सॉफ्टवेअरवर. बोलणाऱ्याने ते एकदा उघडूनही पाहिलेलं नसतं.

मुळात काम काय आहे ते बघा. ०४०२ मापाचा रेझिस्टर १ मिलिमीटर लांब आणि अर्धा मिलिमीटर रुंद असतो. पार्ट ज्यात येतात त्या टेपच्या खोबणीत तो थोडा हलतो, त्यामुळे नोझलने उचलल्यावर तो मधोमध आणि सरळ येईलच असं नाही. म्हणून मशीन त्याला खालच्या कॅमेऱ्यावर नेतं. पार्ट किती सरकलाय, किती अंश फिरलाय, हे ओपनपीएनपी चित्रावरून मोजतं आणि ठेवताना तेवढी दुरुस्ती करतं. वरचा कॅमेरा बोर्डावरच्या फिड्युशियल खुणा शोधतो. बोर्ड किंचित वाकडा ठेवला असेल तर सगळ्या जागा त्याप्रमाणे बदलतात. फिरताना नोझलचं टोक डगमगतं, तेही मोजता येतं. चित्र ओळखण्यासाठी आत ओपनसीव्ही आहे, म्हणजे जगभरच्या प्रयोगशाळांत आणि कारखान्यांत वापरली जाणारी लायब्ररी. यातलं नक्की काय फुकटछाप?

खोट बहुतेक वेळा यंत्रात असते. हिशोब करा: २०० पायऱ्यांची स्टेपर मोटर आणि २० दात्यांची जीटी२ पुली असेल, तर एका फेरीत पट्टा ४० मिलिमीटर सरकतो. एका पूर्ण पायरीला ०.२ मिलिमीटर, १६ मायक्रोस्टेप केल्या तर कागदावर ०.०१२५. पण पट्टा सैल आणि पुलीचा स्क्रू ढिला असेल तर हा आकडा कागदावरच राहतो. ढील दर वेळी सारखी असली तर ओपनपीएनपी ती सांभाळून घेतं, उदाहरणार्थ नेहमी एकाच बाजूने येऊन थांबायला लावून. दर वेळी वेगळी असेल तर लाखो रुपयांचं सॉफ्टवेअरही हात टेकेल. हात थरथरत असताना चष्मा बदलून सुईत दोरा जात नाही. शिवाय ओपनपीएनपीच्या ‘इश्यूज अँड सोल्यूशन्स’ या भागातलं कॅलिब्रेशन अर्ध्यावर सोडायचं आणि मग बोंब मारायची, हा प्रकार वेगळाच.

‘पण गॅरंटी कुठाय?’ नाही, आणि तसं परवान्यात लिहिलेलंच आहे. ओपनपीएनपी जीपीएल या मुक्त परवान्याच्या तिसऱ्या आवृत्तीखाली आहे. त्या परवान्याचं १५वं कलम वाचा. मग विकतच्या सॉफ्टवेअरचा करारही वाचा, तिथेही बहुधा असंच हात झटकणारं कलम सापडेल. त्याच जीपीएलच्या ४थ्या कलमानुसार प्रतीसाठी कितीही किंमत घेता येते, म्हणजे मुक्त आणि फुकट हे एकच नव्हे. ओपुलो कंपनीचं ल्युमेनपीएनपी मशीन विकत मिळतं आणि तेही ओपनपीएनपीवरच चालतं.

बाकीचे गैरसमज भराभर उरकू.

मोटरी संगणक फिरवत नाही. तो जी-कोड, म्हणजे हालचालींच्या आज्ञा, पाठवतो. मोटरींचा क्षणाक्षणाचा ताल मार्लिन किंवा स्मूदीवेअरसारखं कंट्रोलरमधलं फर्मवेअर सांभाळतं.

‘लिनक्सच लागतं’ हेही खरं नाही. सॉफ्टवेअर जावात आहे, विंडोज आणि मॅकवरही चालतं.

कॅमेरा मध्येच बंद पडतो म्हणून नवा संगणक घेऊ नका. दोन्ही कॅमेरे एकाच यूएसबी हबवर आहेत का, ते आधी बघा.

बोर्डाचं चित्र असलेली गर्बर फाइल पुरत नाही. प्रत्येक पार्टची जागा, कोन आणि बाजू सांगणारी पोझिशन फाइल लागते. बोर्ड डिझाइन करायचं कीकॅड हे सॉफ्टवेअर ती काढून देतं.

मशीन सोल्डरिंगही करत नाही. आधी सोल्डर पेस्ट लावणं आणि नंतर रिफ्लो करणं, म्हणजे तापवून ती वितळवणं, ही कामं तुमचीच.

आणि पाचच बोर्ड करायचे असतील तर सरळ चिमटा उचला. मशीनला पार्ट पुरवणारे फीडर भरून, तपासून होईपर्यंत हाताने काम संपलेलं असेल.