जुनी डिझेल गाडी घेताना : दोन गाड्यांचा ताळेबंद



आज आपल्यातील अनेक कुटुंबांच्या दारात पहिली चारचाकी येत आहे व ती बहुधा जुनीच असते. वृद्ध आई-वडिलांना दवाखान्यात नेणे, गावाकडच्या लग्नकार्याला वेळेवर पोहोचणे, यासाठी गाडी हवी असे वाटणे योग्यच आहे. परंतु त्यासाठीचा पैसा भविष्य निर्वाह निधीतून वा वर्षानुवर्षे भरलेल्या आवर्ती ठेवीतून काढलेला असतो. तो खर्च करण्यापूर्वी दोन गाड्या शेजारी ठेवून हिशेब कसा करावा, हे सांगण्याचा प्रस्तुत लेखात अल्पसा प्रयत्न केला आहे.

उदाहरणादाखल २०१२ सालच्या दोन गाड्या घेऊ : मारुती स्विफ्ट डिझेल आणि टाटा इंडिका व्हिस्टा क्वाड्राजेट. दोहोंत फियाट कंपनीने विकसित केलेले १२४८ सी.सी.चे एकच इंजिन आहे. मारुतीसाठी ते मानेसरला व टाटासाठी पुण्याजवळ रांजणगावला तयार होत असे. तेव्हा ‘इंजिन कोणाचे चांगले’ हा वाद येथे व्यर्थ होय. फरक इतरत्र आहे. व्हिस्टा आतून प्रशस्त, मागे तीन माणसे आरामात बसतात. परंतु कंपनीने ती काही वर्षांतच बंद केली. स्विफ्टमधील इंजिन मात्र मारुतीच्या अनेक गाड्यांत मार्च २०२० पर्यंत येत राहिले. म्हणून तिचे सुटे भाग व जाणकार मेस्त्री तालुक्याच्या गावीही सापडतात आणि जुन्या बाजारात तिला भावही अधिक मिळतो.

आता तुलना तीन पायऱ्यांनी करावी.

१) कागदपत्रे : खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. २०१२ च्या गाडीची मुदत २०२७ मध्ये संपते. त्यानंतर तपासणी करून पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावे लागते व पर्यावरण करही भरावा लागतो. एप्रिल २०२२ मध्ये मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले. दुसरी बाब भारत स्टेजची. एप्रिल २०१० पासून मुंबई, पुणे, सोलापूर अशा निवडक शहरांत स्टेज ४ लागू झाले. उर्वरित देशात ते १ एप्रिल २०१७ पासून बंधनकारक झाले. म्हणजे एकाच सालच्या दोन गाड्यांपैकी एक स्टेज ३ ची व दुसरी स्टेज ४ ची असू शकते. प्रदूषणाचे निर्बंध खालच्या स्टेजच्या डिझेल गाड्यांवर आधी येतात, हे ध्यानात ठेवावे.

कर्ज फिटले की आर.सी. बुकावरील बँकेचा बोजा आपोआप उतरतो, असा समज काउंटरवर वारंवार ऐकू येतो. तसे नसते. त्यासाठी बँकेचे ना हरकत पत्र व फॉर्म ३५ आर.टी.ओ.कडे जावा लागतो. नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ व ३० लागतात. परराज्यातील गाडी असेल तर फॉर्म २८ चे ना हरकत प्रमाणपत्रही लागते. थकलेले चलान संकेतस्थळावर आधीच पाहावे. विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज द्यावा. विक्रेत्याचा नो क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही.

गाडी विकणाऱ्यानेही सावध असावे. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात स्पष्ट केले की, गाडी प्रत्यक्षात पुढे विकली गेली असली, तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणी ज्याच्या नावावर आहे त्याचीच. ‘कागद नंतर करू’ या एका वाक्याने एखादे कुटुंब कर्जात बुडू शकते.

२) इंजिन : गाडी सकाळी, इंजिन थंड असताना पाहावी, विक्रेत्याने आधीच चालू करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे. सुरू होताना पुढून साखळीसारखा खडखडाट आला तर टायमिंग चेन सैल झाल्याचा संशय घ्यावा. निळा धूर म्हणजे इंजिन ऑईल जळते आहे. सतत काळा धूर म्हणजे हवा व डिझेलचे प्रमाण बिघडले आहे. चालू इंजिनवर ऑईलचे झाकण उघडल्यास जोराने वाफ बाहेर येत असेल तर आतील झीज जास्त आहे. कमी वेगात हे इंजिन मंद वाटते, तो दोष नव्हे. टर्बोला जोर धरायला वेळ लागतो. इंजेक्टर व टर्बो ही महाग दुरुस्ती असल्याने आपल्या ओळखीच्या मेस्त्रीला दोनशे-पाचशे रुपये देऊन सोबत न्यावे.

३) हिशेब : पुढील आकडे केवळ गृहीत आहेत. स्विफ्टची किंमत २,४०,००० रुपये, तातडीची दुरुस्ती १५,०००. तीन वर्षांनी विकून १,४०,००० मिळतील असे धरू. निव्वळ खर्च १,१५,०००. व्हिस्टाची किंमत १,७०,०००, दुरुस्ती ४५,०००, विक्री ६०,०००. निव्वळ खर्च १,५५,०००. घेताना ७०,००० रुपयांनी स्वस्त वाटलेली गाडी शेवटी ४०,००० रुपयांनी, म्हणजे दरमहा सुमारे १,१०० रुपयांनी महाग पडली! मात्र त्याच व्हिस्टाला १५,००० रुपयांचीच दुरुस्ती असेल व विकताना १,००,००० मिळणार असतील, तर तिचा खर्च ८५,००० वर येतो आणि निकाल उलटतो. म्हणून गाडीचे नाव पाहून नव्हे, तर त्या विशिष्ट गाडीची बेरीज-वजाबाकी करूनच ठरवावे. विद्यार्थ्यांनी हा हिशेब घरात मांडून दाखवावा. वडीलधाऱ्यांना तो नक्की पटेल.

शेवटी एकच विनंती. जुन्या गाडीवर कर्ज मिळालेच तर व्याज जास्त व मुदत कमी असते. म्हणून बरेच जण सगळी शिल्लक काढून रोख व्यवहार करतात. तसे करू नये. दवाखान्यासाठी गाडी घ्यावी, पण दवाखान्याचा पैसा गाडीत घालू नये. आणि आर.सी. बुकावर आपले नाव येईपर्यंत किमतीचा काही भाग, तसा लेखी करार करून, हाती राखून ठेवावा.