तिसऱ्या सिलिंडरची तक्रार

स्कॅनर लावला की पडद्यावर ‘पी ०२६९’ येतं. अर्थ एवढाच, की इंजिन फिरवण्यात तिसऱ्या सिलिंडरचा वाटा कमी पडतोय. मालकाला वाटतं, रोग सापडला. फिटर घाईत असेल तर तोही तिसरा इंजेक्टर मागवून मोकळा होतो. त्याला तिकडे ढकलतो तो कोडचा नंबरच, कारण ‘पी ०२’ या घरातले कोड मुख्यतः इंधन आणि इंजेक्टरचे. पण सिलिंडर अशक्त होण्याची कारणं त्या घरापुरती थांबत नाहीत. हजारो रुपयांचा इंजेक्टर बदलून आठवड्यात तोच कोड परत आलेला पाहिला, की या तपासाकडे हस्तकला म्हणून पाहावं लागतं.

मुळात कॉम्प्युटरला हे कळतं कसं? बहुतेक इंजिनांत सिलिंडरच्या आत डोकावणारा सेन्सर नसतो. क्रँकवर दातेरी चाक असतं. बऱ्याच गाड्यांत साठ दातांची जागा, त्यातले दोन मुद्दाम गाळलेले. क्रँक सेन्सर हे दात मोजतो. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या दर अर्ध्या फेऱ्याला एक सिलिंडर पेटतो, क्रम १-३-४-२. आयडलला मिनिटाला ८०० फेरे धरले तर प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे ३७ मिलिसेकंद येतात. पेट घेतला की क्रँकला किंचित वेग मिळतो, पुढच्याच्या कॉम्प्रेशनमध्ये तो घटतो. तिसऱ्याच्या पाळीत हा धक्का दर वेळी कमी पडला, तर दातांमधलं अंतर पार व्हायला थोडा जास्त वेळ लागतो, आणि तो कॉम्प्युटर पकडतो.

कॉमन रेल डिझेलमध्ये याच्या पुढचं एक काम चालतं, आणि मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आयडल सरळ राहावा म्हणून कॉम्प्युटर अशक्त सिलिंडरला थोडं जास्त डिझेल देतो आणि जोरकस सिलिंडरचं थोडं कमी करतो. ही दुरुस्ती स्कॅनरच्या लाइव्ह डेटात प्रत्येक सिलिंडरपुढे अधिक-उणे आकड्यांत दिसते. कोड पडतो तो या दुरुस्तीची मर्यादा संपल्यावर. म्हणजे दिवा लागण्याआधी कित्येक दिवस इंजिन तिसऱ्याला सांभाळून घेत असू शकतं, आणि मालकाला फक्त सकाळची थोडी थरथर जाणवलेली असते. म्हणून कोडच्या आधी हे चार आकडे वाचावेत.

फियाटचं १२४८ सीसीचं मल्टिजेट डिझेल इंजिन घ्या. पुण्याजवळ रांजणगावला ते बनत होतं, मारुतीसाठी मानेसरला. स्विफ्ट, डिझायर, इंडिका व्हिस्टा, लिनिया अशा कितीतरी गाड्या त्यावर धावल्या. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ आलं आणि मारुतीने डिझेल थांबवलं. रस्त्यावर उरलेली ही इंजिनं आता वयाची झाली आहेत, त्यामुळे दुखणं इंजेक्टरचं की इंजिनच्या अंगाचं, हा प्रश्न त्यांच्या बाबतीत खरा आहे.

आधी तिसराच खरोखर अशक्त आहे का, ते पाहायचं. कॉमन रेलच्या आधीच्या डिझेलवर त्यासाठी फिटर एकेका नॉझलच्या पाइपचा नट ढिला करून कान देत. ज्याचा नट सोडल्यावर आवाज बदलत नाही, तो सिलिंडर काम करत नाही. कॉमन रेलवर हे कधीही करू नये. तिथला दाब हजार बारच्या वर जातो; डिझेलची बारीक धार कातडीतून आत शिरते आणि हात गमवावा लागू शकतो. आता तीच परीक्षा स्कॅनरवरून एकेक इंजेक्टर बंद करून होते.

पुढचा प्रश्न इंजेक्टरचा. तिसरा आणि दुसरा यांची अदलाबदल करायची. कोड ‘पी ०२६६’ झाला, म्हणजे तक्रार दुसऱ्या सिलिंडरवर गेली, तर दोष इंजेक्टरबरोबर फिरला. तिसऱ्यावरच राहिला तर इंजेक्टर निर्दोष. यात दोन गोष्टी विसरून चालत नाही. बुडाचा तांब्याचा वॉशर नवा हवा. आणि इंजेक्टरच्या अंगावर छापलेला अंक-अक्षरांचा कोड कॉम्प्युटरमध्येही बदलून भरायचा, नाहीतर तो जुन्याच मापाने डिझेल सोडतो. इंजेक्टर काढायचे नसतील तर रिटर्नच्या नळ्यांना पारदर्शक बाटल्या लावून काही मिनिटं आयडलवर ठेवावं. ज्याची बाटली इतरांपेक्षा फार लवकर भरते, तो आतून गळतोय.

इंजेक्टर निर्दोष ठरला की कॉम्प्रेशन. इथे एक सुंदर युक्ती आहे, आणि तिला काहीच खोलावं लागत नाही. इंधन बंद ठेवून स्टार्टर फिरवायचा, बॅटरीच्या केबलवर क्लॅम्प लावून करंटचा आलेख ऑसिलोस्कोपवर पाहायचा. पिस्टन हवा दाबतो तेव्हा स्टार्टरला जोर लागतो, करंट चढतो. चार शिखरं सारखी हवीत. एक बुटकं दिसलं, तर तो सिलिंडर हवा धरत नाही.

का धरत नाही, हे हवाच सांगते. पिस्टन वरच्या टोकाला आणून, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना, ग्लो प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडायची आणि ऐकायचं. ऑइलच्या झाकणातून जोराचा फुसफुस आला तर रिंगा. एअर फिल्टरच्या बाजूने आला तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट. रेडिएटरमध्ये बुडबुडे उठले तर हेड गास्केट. मालकाला खर्च सांगण्यापूर्वी एवढं ऐकणं फिटरचं कर्तव्य आहे, कारण इंजेक्टर आणि हेड उतरवणं यांच्या बिलात मोठं अंतर असतं.

आणि कधी सिलिंडर निर्दोषच असतो. दातेरी चाकाचा एखादा दात दुखावलेला असतो, सेन्सर ढिला असतो, किंवा झिजलेलं फ्लायव्हील क्रँकची चाल बिघडवतं. पेट्रोल गाड्यांत मिसफायर मोजताना खड्ड्यांचे हादरेही चाकांमार्फत क्रँकपर्यंत पोचतात. म्हणून काही गाड्यांचा कॉम्प्युटर एबीएसच्या चाकांचा वेग पाहून खराब रस्त्यावर हे मोजणं थांबवतो.

काम झाल्यावर कोड पुसून गाडी त्याच संध्याकाळी देऊ नये. गरम इंजिनात अशक्त कॉम्प्रेशनही झाकलं जातं. रात्रभर गार होऊ द्यावी, सकाळी पहिल्या स्टार्टला चारही सिलिंडरांपुढचे दुरुस्तीचे आकडे पुन्हा पाहावेत, आणि तिसऱ्याचा आकडा बाकी तिघांच्या जवळ आला असेल तरच चावी द्यावी.