सायकलचा मीटर शून्यावर अडकला तर

मुलांच्या रेसिंग सायकलला वेग आणि अंतर दाखवणारा छोटा मीटर असतो. तो शून्यावर अडकला की दुकानदाराचं ठरलेलं, “नवीनच घ्या, ताई.” पण आधी घरी बघा. बिघाड पुष्कळदा मीटरात नसतोच.

पुढच्या चाकाच्या स्पोकवर लोहचुंबक असतो आणि चिमट्यावर सेन्सर. दर फेरीला चुंबक सेन्सरसमोरून जातो, त्यावरूनच सगळा हिशेब. पंक्चर काढताना चुंबक सरकला की संपलं! तो सेन्सरवरच्या खुणेसमोर आणा, मध्ये दोन-तीन मिलिमीटर फट ठेवा, चाक हातानं फिरवा. तरी शून्यच? वायर तुटलीय का बघा, सेल बदला.

अंतर चुकत असेल तर चाकाचा घेर मोजा. व्हॉल्व्ह खाली आला की जमिनीवर खडूची खूण, मुलीला सायकलवर बसवून बरोब्बर एक फेरी पुढे, पुन्हा खूण. शिवणाची टेप दोनदा लावावी लागते! ७०० बाय २५ च्या टायरला साधारण २१०५ मिलिमीटर भरतात. यात १०० ची चूक म्हणजे ४० किलोमीटरमागे जवळजवळ २ किलोमीटरचा घोळ. शर्यतीची तयारी करणाऱ्या मुलीला हा फरक लहान नाही.

सेल बदलल्यावर कित्येक मीटर हा आकडा विसरतात. तो कपाटाच्या दाराला आतून लिहून ठेवा.