विमानतळ शुल्क कोण ठरवते? कायद्यातील दोन दुरुस्त्यांचा अर्थ

नवी दिल्ली : दिल्लीच्या इंदिरा गांधी आंतरराष्ट्रीय विमानतळावर १६ एप्रिल २०२५ पासून देशांतर्गत प्रवाशांसाठी नवे वापरकर्ता विकास शुल्क लागू झाले. निघणाऱ्या प्रवाशाला १२९ रुपये, तर उतरणाऱ्याला ५६ रुपये आणि त्यावरील कर द्यावा लागतो. तिकिटातूनच वसूल होणारी ही रक्कम विमान कंपनी ठरवत नाही, विमानतळचालकही नाही. प्रमुख विमानतळांबाबत तो अधिकार २००८ च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या भारतीय विमानतळ आर्थिक नियामक प्राधिकरणाचा (एरा) आहे.

शुल्काचे गणित

प्राधिकरण पाच वर्षांच्या कालखंडासाठी दर निश्चित करते. त्याआधी सल्लामसलत पत्र काढून संबंधितांचे म्हणणे मागवले जाते. मान्य गुंतवणुकीवरील परतावा, घसारा, देखभाल खर्च आणि कर यांची बेरीज म्हणजे विमानसेवांतून वसूल करावयाचा महसूल. दुकाने, जाहिराती, वाहनतळ यांच्या उत्पन्नातील ३० टक्के वाटा त्यातून वजा होतो. उदाहरणार्थ, गरज १०० कोटींची आणि इतर उत्पन्न ६० कोटींचे असेल, तर १८ कोटी वजा होऊन ८२ कोटी शुल्कातून वसूल होतील. सर्व उत्पन्न वजा केल्यास हाच आकडा ४० कोटींवर येईल. दिल्ली व मुंबईच्या खासगीकरण करारांतील ही ३० टक्क्यांची पद्धत २०१६ च्या नागरी हवाई वाहतूक धोरणाने सर्वत्र स्वीकारली.

काय बदलले?

मूळ कायद्यात वर्षाला १५ लाख प्रवाशांची वर्दळ असलेला विमानतळ ‘प्रमुख’ मानला जात असे. २०१९ च्या दुरुस्तीने ही मर्यादा ३५ लाखांवर नेली. शिवाय, ज्या विमानतळाचे दर निविदेतच नमूद असतील, तेथे प्राधिकरण नंतर दर ठरवणार नाही. मात्र निविदेपूर्वी त्याच्याशी सल्लामसलत बंधनकारक आहे. २०२१ च्या दुरुस्तीने विमानतळांच्या गटालाही ‘प्रमुख’ घोषित करण्याची मुभा दिली. नफ्यातील विमानतळासोबत तोट्यातील लहान विमानतळही खासगी भागीदारीतून विकसित व्हावेत, हा त्यामागील सरकारचा हेतू होता.

प्रवाशांच्या दृष्टीने

निविदेतच दर ठरल्यास गुंतवणूकदाराला निश्चितता मिळते, मात्र खर्चाची नंतर होणारी नियामकीय छाननी टळते. गटाचे दर एकत्रित ठरल्यास लहान विमानतळाचा काही भार मोठ्या विमानतळाच्या प्रवाशावर येऊ शकतो. त्यामुळे प्रवाशांच्या हिताचा निर्णय आता बराचसा निविदेच्या टप्प्यावरच होऊ शकतो.

प्राधिकरणाच्या आदेशाविरुद्ध दूरसंचार विवाद निवारण व अपील न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. न्यायाधिकरणाच्या निर्णयाला प्राधिकरण स्वतःही आव्हान देऊ शकते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १८ ऑक्टोबर २०२४ रोजी दिला. चालकाच्या बाजूने निकाल लागल्यास थकीत वसुली पुढील दरांत मिळवली जाते, म्हणून जुन्या वादांचा भार उद्याच्या तिकिटावर पडू शकतो.